बागेतल्या शेडचे छप्पर : उतार किती आणि कोणत्या दिशेला द्यावा?

प्रश्न : परसबाग_जुळेसोलापूर

नमस्कार. घरामागच्या बागेत अवजारे, खताच्या गोण्या आणि बियाण्यांचे डबे ठेवण्यासाठी मी स्वतः एक शेड उभारणार आहे. लांबी १० फूट, रुंदी ८ फूट असून लांब बाजू दक्षिणोत्तर आहे. चार कोपऱ्यांना लोखंडी चौकोनी पाइपचे खांब आणि वर ०.५ मिलिमीटरचा नालीदार पत्रा, इथपर्यंत ठरले आहे. एकपाखी, म्हणजे एकाच बाजूला उतरते छप्पर करायचे झाल्यास उतार किती ठेवावा, तो पूर्वेला द्यावा की पश्चिमेला, आणि एप्रिल-मेच्या उन्हात आत उभे राहता येईल असे काय करता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे. वडिलांचा आग्रह माळवदाचा, म्हणजे तुळयांवर मातीचा थर दिलेल्या सपाट छपराचा आहे, त्याविषयीही मत हवे आहे.

उत्तर : ओळंबा

आठ फुटांच्या रुंदीला एकपाखीच योग्य, कारण दोन पाखी केल्यास मधला कोना बसवणे आणि तो गळू न देणे हे काम विनाकारण वाढते. सहाला एक असा उतार द्या, म्हणजे एका बाजूचे खांब दुसऱ्या बाजूपेक्षा १६ इंच उंच येतील. या उतारावर १० फुटी पत्रा दोन्हीकडे जेमतेम फूटभर बाहेर काढून एकसंध बसतो आणि आडवा जोड राहत नाही.

उताराची सखल बाजू पश्चिमेला ठेवा. पावसाळी वारा आपल्याकडे मुख्यतः पश्चिम-नैर्ऋत्येचा असतो आणि उंच बाजू त्याच्यासमोर आली तर वारा पत्र्याखाली शिरून तो उचलतो. मात्र वळिवाचे वादळ कोणत्याही दिशेने येते, म्हणून खरा भर बांधणीवर हवा. ताशी ९० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ३८ किलो भरतो, तर आपल्या पत्र्याचे वजन तेवढ्याच जागेत ५ किलोही नसते. बाहेर काढलेला भाग धरून तुमचे छप्पर ११ चौरस मीटरचे आहे, म्हणजे उचलणारे बल ४०० किलोंच्या घरात जाऊ शकते. पत्र्यावर दगड ठेवण्याची पद्धत इथे कामाची नाही. उलट तो दगड खाली कोणाच्या तरी डोक्यात पडण्याची भीती असते.

स्क्रू रबरी वॉशरसह, नालीच्या उंचवट्यावर मारावेत, खोलगट भागात नव्हे. कडेच्या ओळीत ते जवळजवळ घ्यावेत. शेजारच्या पत्र्यावर दीड नाली चढवावी आणि जोडाची उघडी कड वाऱ्याच्या उलट बाजूला येईल अशी दक्षिणेकडून सुरुवात न करता उत्तरेकडून करावी.

उत्तर : माळवदातला

वडिलांची इच्छा मी समजू शकतो, कारण माळवदाखालचा गारवा पत्र्याला कधीच येणार नाही. पण नऊ इंच मातीचा थर चौरस मीटरला साडेतीनशे किलोंहून जास्त भरतो, म्हणजे तुमच्या शेडवर अडीच टनांवर भार येईल. त्यासाठी जाड भिंती आणि भक्कम तुळया लागतात, पाइपचे चार खांब पुरणार नाहीत. शिवाय दरवर्षी पावसाआधी वरची माती दुरुस्त करावी लागते.

गारव्यासाठी पत्र्याच्या खाली चार-सहा इंच पोकळी सोडून बांबूचे तट्टे लावावेत आणि पोकळीची दोन्ही टोके जाळी बसवून उघडी ठेवावीत. तापलेली हवा उंच बाजूने निघून जाते. पत्र्याला वरून पांढरा, ऊन परतवणारा रंग दिल्यासही चांगला फरक पडतो. उतार फिरवून ऊन टाळता येईल असे समजू नये, कारण मे महिन्याच्या मध्याला सोलापूरवर सूर्य दुपारी जवळजवळ थेट डोक्यावर असतो. कडबा किंवा पाचट भरण्याचा मोह मात्र टाळावा, त्यात उंदीर होतात आणि आगीचाही धोका असतो. एवढे करूनही बियाणे तिथे ठेवू नका, उष्णतेने उगवणक्षमता घटते. ते घरातच असावे.

परसबाग_जुळेसोलापूर

दोघांचेही आभार. माळवदाचा विचार सोडला, बियाणे घरातच राहील. आमची जमीन काळी आहे, तर खांबांचे खड्डे किती खोल घ्यावेत? आणि पश्चिमेच्या बाजूला पन्हळ लावणे योग्य ठरेल का?

उत्तर : ओळंबा

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यावा. दीड फूट लांब-रुंद आणि दोन फूट उंच काँक्रीट भरले तर एकेका खांबाखाली सुमारे ३०० किलो वजन राहते, आणि छप्पर उचलले जाण्याविरुद्ध तोच आधार असतो. वरची चौकट खांबांना नटबोल्टने घट्ट जोडलेली नसेल तर मात्र या वजनाचा उपयोग नाही.

पन्हळ अवश्य लावावी. १०० मिलिमीटर पाऊस झाला तर या छपरावरून हजार लिटरच्या आसपास पाणी मिळते, तेव्हा पिंप ठेवण्याची जागा आधीच राखावी. पन्हळीला पिंपाच्या दिशेने दहा फुटांत एक इंच उतार पुरेसा आहे.