झाकण मिटलं की वायफाय गायब

सिडकोकर: लॅपटॉपवर लिनक्स आहे. नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) घेतल्यापासून झाकण मिटून उघडलं की वायफाय दिसतच नाही. पंचवटीतला दुरुस्तीवाला म्हणतो, कार्ड बदला.

जुना खोडकिडा: थांबा, पैसे घालवू नका! मॉडप्रोब या कमांडने वायफायचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) काढून परत चढवा.

सिडकोकर: आलं की हो!

जुना खोडकिडा: मग कार्ड ठणठणीत, खोट ड्रायव्हरची. आता गिट बायसेक्ट, म्हणजे जुन्या-नव्या कर्नलमधल्या बदलांतून बिघडवणारा बदल हुडकायचं साधन. दर फेरीत निम्मे बदल बाद; ८००० असले तरी साधारण १३ फेऱ्यांत चोर सापडतो. मी एकदा अख्खा रविवार घालवला, नवव्या फेरीला वीज गेली.

द्राक्षवाला: डीमेसेगचा लॉगही (कर्नलच्या संदेशांची नोंद) ठेवा. कर्नलच्या कोडमधल्या मेंटेनर्स फाइलमध्ये कोणता भाग कोण सांभाळतं ते असतं; तिथल्या पत्त्यावर साध्या मजकुरात मेल करा. स्क्रीनशॉट नको, ती मंडळी वैतागतात.