प्रतिसाद: पश्तून दूधपत्ती घरी पातळ का होते?

प्रश्न असा आहे की निम्मे पाणी, निम्मे दूध घेऊन घरी केलेल्या चहाला पाकिस्तानातील क्वेट्टा शहराच्या पश्तून (पठाण) हॉटेलांतील दूधपत्तीचा दाटपणा का येत नाही. माझ्या मते मुख्य कारण ते पाणीच आहे. क्वेट्टा, पिशीनकडच्या पश्तूनांनी कराचीत चालवलेल्या हॉटेलांतही ज्या दूधपत्तीसाठी गर्दी होते, तिच्यात पाणी जवळजवळ नसतेच. पत्ती थेट दुधातच शिजते.

दोन कपांसाठी अडीच कप म्हशीचे सायीचे दूध, तीन लहान चमचे दाणेदार पत्ती आणि ठेचलेल्या दोन वेलच्या पुरेत. दुधाला उकळी आली की पत्ती घालून आच मंद करावी आणि दहा-बारा मिनिटे डावाने चहा वर उचलून उंचावरून पुन्हा पातेल्यात सोडत राहावे. असे केल्याने दूध उतू जात नाही, तळाला लागत नाही, आणि थोडे पाणी उडून गेल्यामुळे रंग विटकरी व चव भरीव होते. पत्ती केनियाची हवी असा आग्रह कशाला? पाकिस्तानात बहुतेक चहा तिथूनच येतो हे खरे, पण आपली आसामची दाणेदार पत्ती उत्तम चालते.

वायव्य पाकिस्तानातील मर्दान, चारसद्दा हा गुळाचा मुलूख, त्यामुळे तिकडे गुळाचा चहाही आवडीने पितात. मात्र गूळ उकळत्या दुधात टाकल्यास ते फाटण्याचा धोका असतो, म्हणून तो आच बंद केल्यावरच विरघळवावा. आले मात्र कृपया वगळा, त्याने वेलचीचा स्वाद दबतो.