गोधड्यांसाठी शनिवारी क्लब हाऊसला कोण कोण येतंय?

बी-४०३: नमस्कार मंडळी, गोधड्यांचं मागे बोलणं झालं होतं ते आता पक्कं करूया. दसरा झाला की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, दौंडच्या बाजूला उसाच्या फडाजवळ त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या पडतात आणि ऐन थंडीत लहान लहान पोरं त्यात राहतात. त्या मुलांसाठी आपण सगळ्यांनी मिळून शिवायच्या. शनिवारी ३ ला क्लब हाऊस मिळालंय, सेक्रेटरींशी बोलले मी. जुन्या सुती साड्या कोणाकडे आहेत?

ए-१०२: काकू कल्पना छानच आहे पण एक विचारू का, राग मानू नका. फ्लॅटमागे २०० रुपये काढले तर बाजारातून तयार ब्लँकेटं येतील ना? हाताने शिवत बसलो तर निम्मी थंडी निघून जाईल

बी-४०३: राग कसला गं, बरं झालं विचारलंस. सी-६०१ दादा तुम्ही सांगा ना, तुम्हाला जास्त माहितीये

सी-६०१: सांगतो. मी बीडमधल्या पाटोद्याचा, आईवडील ऊसतोडीला कोयत्यावर जायचे, मी पण लहानपणी कोपीत राहिलोय. उचल म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, ते नवराबायकोच्या जोडीवर मिळतात त्यामुळे दोघांनाही फडात जावंच लागतं, तेही पहाटे अंधारात, मग तान्हं लेकरू असेल तर ते गोधडीत गुंडाळून सोबत न्यायचं आणि तिथे उसाच्या वाळलेल्या पाचटावर तीच गोधडी अंथरून त्याला निजवायचं. ब्लँकेटला पाचटाची कुसळं अशी चिकटतात की निघत नाहीत. आणि मुख्य म्हणजे कोपीत चूल अगदी जवळ असते, ठिणगी उडते, स्वस्तातली ब्लँकेटं सगळी सिंथेटिक, वितळून अंगाला चिकटतात. सुती कापड जळतं पण असं चिकटत तरी नाही. वाटलं तर पैसेही काढा पण अंगावर घ्यायला गोधडीच द्या

ए-१०२: दादा हे खरंच माहीत नव्हतं. आईच्या सुती साड्या आहेत माझ्याकडे, कपाटात नुसत्या पडून होत्या, कोणाला द्यायला मन होत नव्हतं. याला देईन. आणि मी पण येते शिवायला

डी-२०५: माई, मला शिवणातलं काही येत नाही, तरी येऊ का? मुलगा पण यायचं म्हणतोय, नववीत आहे

माई सी-१०१: ये गं, त्यालाही आण. सगळ्यांनी ऐका, साड्या आधी गरम पाण्यातून धुऊन आणा, फॉल उसवून आणा. सुतीच हव्यात, नायलॉन जॉर्जेट नको, थर सरकतात आणि घामही टिपत नाही. साडी साधारण साडेपाच मीटर असते, तिचे चार सारखे तुकडे केले की लहान मुलापुरते चार थर एका साडीतून निघतात. दीड साडीत सहा थरांची गोधडी होते, मुलांना तेवढी ऊब पुरते आणि पिळताना आईचे हातही भरून येत नाहीत. विरलेला भाग आत, धडका भाग वर. जरीचे काठ काढून टाका, गालाला टोचतात.

थर जमिनीवर पसरले की नववीतल्या बाळाने कोपऱ्यांवर पाट ठेवून बसायचं आणि आपण मधून बाहेरच्या बाजूला कच्चे टाके घालायचे. यात घाई करायची नाही हं, कच्चे टाके नीट नसले की मध्ये झोळ येतो आणि तो मग काही केल्या जात नाही. त्यानंतर चार बाजूंना चौघी बसायच्या, कडेपासून धावदोरा घालत आत आत सरकायचं, दोन ओळींत एक बोट अंतर. दोरा जाड सुती, मेणबत्तीवरून ओढून घ्यायचा म्हणजे गुंतत नाही. गाठ थराच्या आत लपवायची, बाळाच्या अंगाला लागता कामा नये

ए-३०१: माई मशीनवर नाही का होणार? माझं मशीन आहे

माई सी-१०१: कडा मार की मशीनवर, उलट मदतच होईल. मधलं हातानेच करू. हाताचा टाका सैल असतो म्हणून गोधडी मऊ राहते. शिवाय चौघी एका गोधडीभोवती बसल्या की शेजारीण काय करते कशी आहे ते तरी कळतं, एरवी आपण लिफ्टमध्ये मान हलवतो तेवढंच

बी-४०३: अगदी खरं माई. दादा किती लागतील काही अंदाज?

सी-६०१: तिथल्या शाळेतल्या गुरुजींना विचारतो, टोळ्या उतरल्या की ते मुलांची यादी करतात. तान्ह्यांचा आकडा वेगळा घेतो म्हणजे त्यांच्यासाठी दुपटी करता येतील. आणि एक विनंती आहे, देताना मुलांचे फोटो काढायचे नाहीत, ग्रुपवरही टाकायचे नाहीत. आम्हाला शाळेत काही वाटप झालं की ओळीत उभं करून फोटो काढायचे, फार वाईट वाटायचं. गुरुजींकडे गठ्ठा द्यायचा, ते आयांच्या हातात देतील

बी-४०३: मान्य. फोटो कोणीच काढणार नाही.

ए-१०२: माझ्याकडूनही हो

डी-२०५: कात्र्या दोन आणते, सुया आणि अंगुस्तान मात्र कोणीतरी जास्तीची आणा

बी-४०३: दोरा मेणबत्त्या मी आणते. साड्या शुक्रवार संध्याकाळपर्यंत सी-१०१ मध्ये माईंकडे द्या, दुपारी २ ते ४ बेल वाजवू नका, त्या झोपतात