मदत हवी आहे: सात मंडळ्यांच्या सहलीतून फिलदेल्फिया वगळायचं का?

नमस्कार,

नगरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीतून (चर्चमधून) आम्ही २६ जण ऑक्टोबरमध्ये तुर्कस्तानला जातोय. बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या पुस्तकात दुसऱ्या-तिसऱ्या अध्यायात ज्या सात मंडळ्यांना पत्रं आहेत, त्यांची गावं बघायची आणि प्रत्येक ठिकाणी त्या मंडळीचं पत्र मोठ्याने वाचून प्रार्थना करायची, असा बेत आहे. त्यासाठी दीड वर्ष पैसे साठवलेत. निम्म्याहून जास्त लोक ६५च्या पुढचे आहेत, त्यामुळे पुन्हा जाणं बहुतेकांना जमणार नाही.

प्रवास कंपनीचा कार्यक्रम आला तेव्हा बुधवारच्या प्रार्थनेनंतर पुठ्ठ्यावर नकाशा चिकटवला, सात टाचण्या टोचल्या आणि त्यांच्या मार्गाप्रमाणे लाल दोरा फिरवला. स्मुर्णा म्हणजे इझमीर, पर्गम म्हणजे बेर्गामा, मग सार्दीस, इफिस, लावदिकीया. थुवतीरा आणि फिलदेल्फियाच्या टाचण्या दोऱ्याबाहेर राहिल्या. विचारलं तर म्हणाले, "तिथे बघण्यासारखं काही नाही." कार्यक्रमात एक अख्खी दुपार मात्र चामड्याच्या शोरूमला दिलीय.

थुवतीराचं एक वेळ समजू शकतो. ते म्हणजे आजचं अखिसार, तिथे शहराच्या मधोमध कुंपण घातलेला अवशेषांचा छोटा तुकडा आहे. बायबलमधली जांभळी वस्त्रं विकणारी लुदिया याच गावची, म्हणून महिला मंडळाला तिथे थांबायचंय, पण अर्धा तास पुरेल.

फिलदेल्फियाचं मात्र मनाला लागलंय. सातांपैकी दोनच मंडळ्यांवर काही ठपका नाही, स्मुर्णा आणि फिलदेल्फिया. जो विजय मिळवील त्याला देवाच्या मंदिरातला स्तंभ करीन, हे वचन फिलदेल्फियाच्याच पत्रात आहे. आणि आज तिथे, म्हणजे अलाशेहिरमध्ये, वस्तीच्या मधोमध, योहानाच्या नावाच्या जुन्या चर्चचे विटांचे जाडजूड खांब तेवढे उरलेत. आमच्यातल्या सर्वांत वडील आजी ८१ वर्षांच्या आहेत. हातात भिंग धरून मोठ्या टायपातलं पवित्र शास्त्र वाचतात. सात पत्रांचे वाचक ठरवताना त्यांनी हेच पत्र मागून घेतलं. आता त्यांना काय सांगू?

नकाशावर अलाशेहिर सार्दीसहून लावदिकीयाजवळच्या देनिझ्ली शहराकडे जाताना वाटेतच दिसतंय. कुणी बसने असं गेलंय का? किती वेळ लागला? कंपनी म्हणते अर्धा दिवस मोडेल.

दुसरी काळजी इफिसची. तिथे दोनच तास ठेवलेत. वरच्या दरवाजाने शिरून उतारावरून खाली यायचं, असं कळलंय. संगमरवरी फरशी गुळगुळीत झालीय म्हणतात, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना काठी घेऊन जमेल का? देमेत्रिय सोनाराने प्रेषित पौलाविरुद्ध लोक भडकवले तेव्हा ज्या नाट्यगृहात गर्दी जमली, ते सुमारे २५,००० माणसांचं नाट्यगृह सगळ्यांना शांतपणे बघायचंय. शिवाय मरीयेच्या नावाचं चर्च, जिथे ४३१ सालची धर्मसभा भरली, ते मुख्य रस्त्यापासून थोडं बाजूला आहे. दोन तासांत हे सगळं बसतं का?

लावदिकीयाला क्षार साचून तोंडं अरुंद झालेले दगडी पाण्याचे नळ अजून दिसतात. जवळच हिअरापलीसचे गरम झरे, दुसऱ्या बाजूला कलस्सैचं गार पाणी, आणि इथलं कोमट; पत्रात या मंडळीलाही कोमटच म्हटलंय. पाळकसाहेबांना त्या नळांपाशी उभं राहूनच ते पत्र शिकवायचंय. अशा ठिकाणी मोठ्याने वाचलं किंवा दोन कडवी गीत गायलं, तर पहारेकरी हरकत घेतात का? आधी लेखी परवानगी लागते का? यजमान देशाला खटकेल असं काही आम्हाला करायचं नाही.

जे स्वतः जाऊन आलेत त्यांनी कृपया लिहा, विशेषतः वयस्कर माणसांना घेऊन गेलेल्यांनी. रविवारी उपासनेनंतर बैठक आहे. मार्ग बदलून मागायचा असेल तर त्याच दिवशी कंपनीला कळवावं लागेल.