हिप्पी, हिप्पीण आणि हिप्पीछाप

प्रश्न

प्रवासवर्णन लिहायला बसलोय आणि एका शब्दापाशी अडलोय. सिडनीहून किनाऱ्याने वर ब्रिस्बेनकडे जाताना बायरन बे लागलं, मग जरा आत वळून मलंबिम्बी आणि निंबिन. इंग्रजीत या सगळ्यांना सरसकट एकच विशेषण लावतात. मी 'हिप्पी गावं' लिहिलं, तर बायकोने वाचून विचारलं, "म्हणजे सगळे गांजा ओढून पडलेले?" निंबिनच्या मुख्य रस्त्यावर गांजाची विचारणा दोनदा झाली, हे खरं (कायद्याने बंदी असूनही). पण बायरनमध्ये पहाटे लोक सर्फबोर्ड काखोटीला मारून समुद्रावर हजर. 'कलंदर' किंवा 'मुक्तछंदी' चालेल का?

प्रतिसाद १

'मुक्तछंद' कवितेसाठी राहू द्या. आणि कलंदर एकटा असतो हो, कलंदरांची सोसायटी कुठे पाहिलीत? निंबिनला नेमकी तीच झाली. मे १९७३ मध्ये विद्यार्थी संघटनेने तिथे अ‍ॅक्वेरियस महोत्सव भरवला. दूधधंदा बसल्यामुळे गाव ओस पडत चाललं होतं, दुकानं रिकामी होती. दहा दिवसांसाठी आलेल्यांपैकी बरेच जण परत गेलेच नाहीत. टन्टेबल फॉल्सला त्यांनी सहकारी तत्त्वावर जमीन घेतली. (दूध बुडालं आणि सहकार आला, आपल्याकडे दोन्ही जोडीनेच नांदतात.) १९७९ मध्ये टेरानिया क्रीकचं वर्षावन तोडायला यंत्रं आली, तेव्हा हीच मंडळी आडवी पडली.

मराठीत हा शब्द गोव्यावरून रुजला. हणजुणेचा हिप्पी थंडीत यायचा आणि पावसाच्या आत निघायचा, म्हणून आपल्या कानाला हिप्पी म्हणजे पाहुणा, तोही न बोलावलेला. निंबिनचा हिप्पी घरपट्टी भरतो. शब्द बदलू नका, त्याचा अर्थ थोडा रुंद करा.

प्रतिसाद २

अर्थाचं तुम्ही बघा, मला सामान्यरूपाचं पडलंय. 'हिप्पींचं गाव' की 'हिप्प्यांचं गाव'? हत्ती–हत्तींचा, पण माळी–माळ्यांचा, व्यापारी–व्यापाऱ्यांचा. बोलताना आपण सर्रास 'हिप्प्यांचा' म्हणतो, म्हणजे भाषेने त्याला माळी-तेल्यांच्या पंगतीत बसवलंय. माझी आजी तर पुढे जाऊन 'हिप्पीण' म्हणायची. एकवचनात मात्र 'हिप्प्याने' म्हटलं की शिवी दिल्यासारखं वाटतं, तिथे 'हिप्पीने' बरं. आणि 'हिप्पीकट' विसरू नका. आमच्या पिढीत वडिलांच्या तोंडी हा शब्द फक्त केसांपुरता होता.

प्रतिसाद ३

दोन्ही गावांना एकच शब्द लावणं हीच मूळ चूक आहे. बायरनला १९५४ ते १९६२ देवमाशांची शिकार चालायची, आणि कत्तलखाना १९८३ पर्यंत होता. सर्फर आणि हिप्पी आले ते अशा वासाच्या स्वस्त गावात. आज तिथलं घर घ्यायला कोट्यधीशच लागतो. हिप्पीपण आता कापडी पिशवीवर, उदबत्तीवर आणि योगवर्गाच्या पाटीवर उरलंय. यासाठी मराठीत आयता प्रत्यय आहे: छाप. निंबिन हे हिप्प्यांचं गाव, बायरन हे हिप्पीछाप गाव.

जाता जाता, तिथे 'फेरल' हा शब्द ऐकलात का? मूळ अर्थ माणसाळलेलं जनावर पुन्हा रानात जाऊन रानटी होणं. उंट, डुकरं, बोकड. पुढे जटा वाढवून जंगलात तळ ठोकणाऱ्या आंदोलकांना तो चिकटला. 'रानटी' म्हणजे जन्मापासून रानातलं, 'मोकाट' म्हणजे धन्याने सोडलेलं; दोन्ही नेमके बसत नाहीत.

प्रतिसाद १

आमच्याकडे गाय कळप सोडून रानात शिरली की 'रानभरी झाली' म्हणतात. तो बसेल.

प्रश्नकर्ता

छाप उचलला. पण मलंबिम्बी मधेच लटकतंय: शुक्रवारच्या बाजारात अनवाणी बाई सेंद्रिय कोबी विकत होती, आणि पलीकडे तिची नवी कोरी मोटार. हिप्पीण लिहू की हिप्पीछाप? बायकोचं मत, कोबी चांगला होता, हिप्पीणच लिही.