वढवाणा तलावावरील तुतवार ओळखण्यासाठी मदत हवी आहे

वडोदऱ्याजवळच्या वढवाणा तलावावर आम्ही पती-पत्नी वर्षभर पक्षी पाहायला जातो. हिवाळ्यातले पट्टकादंब लगेच ओळखू येतात. परंतु काठच्या चिखलात टिपणाऱ्या हिरव्या आणि ठिपकेवाल्या तुतवारी या दोन लहान पाणपक्ष्यांपाशी आम्ही अडतो. उडताना पंखाखालची बाजू काळपट दिसली तर हिरवी आणि फिकट दिसली तर ठिपकेवाली, हे ठाऊक आहे. बसलेल्या पक्ष्याची पांढरी भुवई डोळ्यामागे लांबते का, पाय पिवळसर आहेत का, हेही पाहतो. पण पाय चिखलाने माखलेले असतात आणि सकाळचे ऊन समोरून येते. आमच्याकडे ८ × ४२ ची दुर्बीण आहे, मोठा कॅमेरा नाही, आणि पक्ष्यांना मुद्दाम उडवणे आम्हाला मुळीच मान्य नाही. अशा वेळी केवळ अंगकाठी, चाल किंवा आवाज यांवरून या दोघींतला फरक खात्रीने कसा ओळखावा?