मदत हवी आहे: सुतारकामाच्या जुन्या बाकाचे पाय डुगडुगतात

सागवानी बाक आहे. वरचा फळा 1800 × 600 मिमी, 70 जाड, एकदम ठणठणीत. पाय 75 × 75. आखूड बाजूंचे पाय कुसू-खाचेने (एका लाकडाच्या टोकाची जीभ, म्हणजे कुसू, दुसऱ्याच्या खाचेत बसवून) जोडलेले आहेत, पण लांबीला फक्त 20 मिमी जाडीच्या दोन पट्ट्या खिळ्यांनी ठोकल्या आहेत. रंधा मारताना बाक लांबीच्या दिशेने झुलतो. पायांचे तळ 35 मिमीपर्यंत कुजलेत. लोखंडी अँगल लावून भागेल का? बाक पुढे सुटा करून हलवायचा आहे.

प्रतिसाद 1
अँगल नकोच. प्रत्येक हेलकाव्याला स्क्रूचं भोक थोडं थोडं रुंदावतं आणि बाक पुन्हा झुलू लागतो. तिथे रुंद पट्टी आणि बोल्टच हवेत.

150 × 40 च्या दोन पट्ट्या घ्या. प्रत्येक टोक पूर्ण जाडीने पायात 10 मिमी खोल खाचेत बसवा, म्हणजे पट्टी फिरत नाही आणि बोल्टवर वजन येत नाही. जमिनीपासून 100 मिमी मोकळे ठेवा, झाडू फिरतो.

बोल्ट 10 × 150, चार. पायाच्या बाहेरून डोक्यासाठी 20 मिमी खोल खळगा, मग 11 मिमीचं आरपार भोक. पट्टी खाचेत घट्ट बसवून त्याच भोकातून तिच्या टोकात गिरमिट चालवा. दोन्ही भोकं वेगवेगळी पाडली की हमखास चुकतात. पट्टीच्या आतल्या अंगाला, टोकापासून 85 मिमीवर, नटासाठी 33 मिमी खोल खिडकी कोरा. नटामागे 25 मिमीचा चौकोनी वायसर घाला, गोल छोटा लाकडात रुततो.

खिडकी बुजवू नका. पावसाळ्यात फुगलेलं लाकूड उन्हाळ्यात आकसतं, तेव्हा नट पुन्हा आवळावा लागतो.

प्रतिसाद 2
कुजलेल्या तळांसाठी: चारही पाय 40 मिमी कापा, उरलेल्या टोकाला 40 मिमीचं कुसू काढा आणि प्रत्येक जोडीखाली 75 × 75 चा आडवा ओंडका द्या. 80 गेले, 75 आले. उंची 5 मिमीच घटते. ओंडक्याच्या तळाचा मधला भाग 10 मिमी पोकळ ठेवा, मग बाक फक्त टोकांवर टेकतो आणि उंचसखल फरशीवर कमी डुलतो.

प्रश्नकर्ता
फळा पायांवर फेव्हिकॉलने चिकटवू का?

प्रतिसाद 1
अजिबात नको, फळा रुंदीत हलतो आणि अडवला तर तडकतो. पुढच्या बाजूचे स्क्रू घट्ट, मागच्या बाजूला लांबट भोकं. वजन कमी वाटलं तर खालच्या पट्ट्यांवर वाळूची पेटी ठेवा: 1000 × 400 × 100 मिमीत साधारण 60 किलो मावते.